मांडीवरचा श्रोता

उन्हाळ्याची सुटी लागली म्हणजे शहरांतील भिंतींवर, वर्तमानपत्रांच्या पानांवर आणि आतां मोबाइलच्या पडद्यावरहि एक शब्द वारंवार दिसूं लागतो. तो शब्द म्हणजे 'विनामूल्य'. जादूचे प्रयोग विनामूल्य, कथाकथन विनामूल्य, बालमहोत्सव विनामूल्य; मुलांस घेऊन अवश्य या! पुस्तकांचें परीक्षण होतें, नाटकांचें होतें, चित्रपटांचें तर ते प्रदर्शित होण्यापूर्वींच होऊन जातें. परंतु आपण मुलांस हातीं धरून ज्या कार्यक्रमांस नेतों त्यांचें परीक्षण कोणी केल्याचें माझ्या पाहण्यांत नाहीं. धर्माच्या गाईचे दांत मोजूं नयेत असें म्हणतात. खरें आहे, पण तिचें दूध जर मुलांना पाजावयाचें असेल तर दांतच काय, तिचा गोठाहि पाहिला पाहिजे.

अशा कार्यक्रमांविषयीं टीकाकारानें दोन गोष्टी विचाराव्या असें मला वाटतें. तेथवर पोहोंचावयास मुलाला काय पडतें, ही पहिली. आणि त्या कार्यक्रमाच्या रचनेंत मुलाला खरोखर जागा आहे कीं नाहीं, ही दुसरी. पहिली गोष्ट व्यवहाराची आणि दुसरी साहित्याची असें वरवर दिसेल. परंतु पहिली सोडून दुसरीचा विचार करणें म्हणजे जे दाराशीं पोहोंचलेच नाहींत त्यांच्या वतीनें रसग्रहण करण्यासारखें आहे.

माझें वडिलोपार्जित घर यवतमाळ जिल्ह्यांत, दारव्हा तालुक्यांतील बोरी अरब येथें आहे. उन्हाळ्यांत मी तेथें जाऊन राहतों आणि धाकटी बहीण आपल्या दोन मुलांस घेऊन माहेरीं येते. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहा वर्षांचा. आमचें शहर म्हणजे यवतमाळ. पूर्वीं दारव्ह्यावरून मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी जात असे. लोक तिला प्रेमानें 'शकुंतला' म्हणत. १९९४ सालीं तिचें वाफेचें इंजिन गेलें आणि पुढें ती गाडीहि बंद पडली. आतां सारी भिस्त एसटीवर. एसटींत पांच ते बारा वर्षांच्या मुलांस अर्धें तिकीट पडतें, आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांसहि अर्धेंच. म्हणजे मी, बहीण आणि दोन मुलें मिळून जातांना अडीच तिकिटें व येतांना अडीच. कार्यक्रम विनामूल्य खरा, पण पांच तिकिटें झालीं. मला पगार आहे, मला तीं जड नाहींत. मजुरीवर जाणाऱ्या घरास मात्र या तिकिटांच्या आधीं बुडालेला रोज मोजावा लागतो. त्यांत हा वैशाखांतला विदर्भ. पारा पंचेचाळीस अंशांकडे सरकत असतां मुलांना दुपारच्या गाडींत कोंबणें म्हणजे त्यांचा जीव धोक्यांत घालणें होय. निघावयाचें तें ऊन उतरल्यावर, आणि परतावयाचें तें शेवटची गाडी सुटण्यापूर्वीं. या दोहोंच्या मध्यें जो तुकडा उरतो तेवढीच आमच्या गांवच्या मुलांची विनामूल्य संध्याकाळ. 'विनामूल्य' हा शब्द बहुधा शहराच्या हद्दीपर्यंतच खरा असतो.

गेल्या वैशाखांत आम्ही चौघें अशा एका बालमहोत्सवास गेलों. भरविणाऱ्या संस्थेचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. दोष तिच्या एकटीचा नव्हता, वहिवाटीचा होता. पत्रिकेंत वेळ साडेसहाची होती. पावणेआठास दीपप्रज्वलन झालें. मग शाल, श्रीफळ, सत्कार आणि प्रायोजकांची स्तुति यांत पाऊण तास गेला. नंतर सूत्रसंचालकानें मुलांस विचारलें, "मजा येते आहे का?" मुलें 'हो' म्हणालीं. "ऐकूं नाहीं आलें!" मुलें ओरडलीं. तिसऱ्या वेळीं तर सभागृह दुमदुमलें. वास्तविक तोंवर कशालाच आरंभ झाला नव्हता. पुढें कांहीं मुलांस रंगमंचावर बोलावून लिंबू-चमच्याची शर्यत झाली, एका चित्रपटगीतावर नाच झाला, आणि प्रायोजकाचें नांव छापलेल्या कागदी टोप्या सर्वांस मिळाल्या. जादूगार आला तेव्हां शेवटच्या गाडीची वेळ झाली होती. त्याच्या पेटींतून पहिला रुमाल निघत असतांना आम्ही उठलों. भाची टोपी सांभाळीत चालत होती. भाचा माझ्या खांद्यावर झोंपला होता.

या कार्यक्रमाचा मुख्य दोष उशीर हा नव्हे. उशीर हा आमच्या सार्वजनिक जीवनाचा स्थायीभाव आहे व त्याची चर्चा अन्यत्र होऊं शकेल. मुख्य दोष असा कीं, तेथें मुलांना पाहण्यासारखें कांहीं नव्हतें. मुलें हाच पाहण्याचा विषय होता. आईबाप मोबाइल उंच धरून आपापल्या मुलाचें चित्र घेत होते, प्रायोजक टोप्या मोजीत होते, सूत्रसंचालक टाळ्या मोजीत होता. मुलांसाठीं म्हणून रचलेला कार्यक्रम सारखा मुलांकडेच बोट दाखवीत होता. आणि मुलाला तर स्वतःकडे नव्हे, जगाकडे पाहावयाचें असतें. जो प्रेक्षक व्हावयास आला त्यालाच प्रेक्षणीय करून परत पाठविणें, ही कलेच्या नांवाखालीं झालेली फसवणूक होय. ती विनामूल्य झाली एवढ्यानें क्षम्य ठरत नाहीं.

त्याच आठवड्यांत गांवीं नृसिंहजयंतीनिमित्त कीर्तन होतें. देवळापुढें मांडव, खालीं सतरंज्या, कोपऱ्यांत पाण्याचे रांजण. हरिदास बाहेरगांवचे, साठी उलटलेले, आवाजहि थकलेला. बहीण म्हणाली, "दादा, पोरांना तिथें नेऊन काय करायचें? झोंपतील तीं." मी म्हणालों, "झोंपूं दे." आणि झालेंहि तसेंच. बुवांनीं पूर्वरंगास हात घातला. हांक मारल्यावर येतो तो देव कीं हांकेच्या आधींच असतो तो देव, असा कांहींसा त्या निरूपणाचा धागा होता. पंधरा मिनिटांत भाच्याची मान माझ्या मांडीवर आली. भाची मांडवाच्या कडेला जाऊन दुसऱ्या मुलींबरोबर मातींत रेघा ओढूं लागली. तिला कोणी दटावलें नाहीं. तासाभरानें निरूपण संपलें. बुवांच्या गळ्यांत हार पडला, कपाळीं बुक्का लागला, नामाचा गजर झाला, तबल्यानें दुप्पट लय धरली, आणि भाचा ताडकन् उठून बसला. पाहतों तों भाचीहि जवळ येऊन बसली आहे. मग प्रह्लादाचें आख्यान सुरू झालें.

त्याच थकलेल्या आवाजांतून बुवांनीं बाप काढला आणि त्याच आवाजांतून लेक काढला. हिरण्यकशिपु विचारतो, या खांबांत आहे का तुझा देव? येथें बुवा थांबले. त्यांनीं मांडवाच्या एका मेढीकडे पाहिलें, आणि सारा मांडव त्या मेढीकडे पाहूं लागला. माझा भाचा नेमका तिलाच टेकून बसला होता; तो हळूच चार बोटें पुढें सरकला. घरीं परततांना अंधारांत त्यानें मला विचारलें, "मामा, तो खांबांत आधींपासून होता, का लाथ मारल्यावर आला?" मला धड उत्तर देतां आलें नाहीं. परंतु हाच प्रश्न बुवांनीं पूर्वरंगांत, हा गृहस्थ माझ्या मांडीवर झोंपला असतांना, तासभर सोडविला होता.

नारदीय कीर्तनाची रचना सर्वांच्या परिचयाची आहे. आरंभीं नमन, मग पूर्वरंग, मध्यें गजर व हारतुरे, मग उत्तररंग, शेवटीं आरती. पूर्वरंगांत तत्त्व सांगावें व उत्तररंगांत त्याचा दृष्टांत द्यावा, असें या रचनेचें स्पष्टीकरण सामान्यतः दिलें जातें. तें बरोबर आहे. पण पुरेसें नाहीं. या रचनेचें दुसरें कारण समोरच्या सतरंजीवर बसलेलें असतें. तेथें आजोबा असतात, सून असते, आणि सुनेच्या मांडीवर मूल असतें. प्लेटोनें आपल्या 'लॉज' या ग्रंथांत एक मौजेची कल्पना केली आहे. सर्व प्रकारच्या खेळांची एकच स्पर्धा लावली आणि सर्वांस मत दिलें, तर अगदीं लहान मुलें बाहुल्यांचा खेळ करणाऱ्यास बक्षीस देतील, थोडीं मोठीं मुलें विनोदी नाटकास, तरुण व सुशिक्षित स्त्रिया शोकनाट्यास, आणि म्हातारे होमरचें काव्य म्हणणाऱ्यास. यावरून प्लेटोनें निष्कर्ष काढला तो म्हाताऱ्यांच्या पसंतीच्या बाजूनें. त्याच्या मांडणींत निरनिराळ्या वयांस निरनिराळे खेळ आहेत. कालिदासानें मात्र 'मालविकाग्निमित्रां'त नाट्याची थोरवी सांगितली ती निराळ्याच गुणावरून. नाना रुचींच्या माणसांस एकत्र धरून ठेवण्याच्या त्याच्या सामर्थ्यावरून. आमचे बुवा या दुसऱ्या पंथाचे. त्यांच्या एका देहांत प्लेटोचे चारहि खेळ होते, आणि तीन तासांत प्रत्येकाची पाळी आली.

गजराचें प्रयोजनहि मला त्या रात्रीं नीट उमगलें. तो भक्तीचा उमाळा आहेच. पण झोंपलेल्यांस जागें करण्याची ती एक युक्तिहि आहे. ज्या कलाप्रकारानें आपल्या मध्यावर अशी योजना करून ठेवली, त्यानें श्रोता झोंपेल हें आधींच गृहीत धरलें आहे आणि त्याबद्दल त्याचा राग नाहीं. मूल आधीं उत्तररंग घेऊन घरीं जातें; पुढें वीस-तीस वर्षांनीं तोच मनुष्य पूर्वरंगास जागा राहतो. कथा अगोदर, तिचा अर्थ मागाहून. या उलट्या क्रमानें माणसाचें शिक्षण होतें. बालमहोत्सवांत मुलाला जें मिळतें तें त्याच्या आजच्या वयापुरतें असतें. तें वय सरलें कीं तें संपतें.

येथें कोणी म्हणेल, हें जुनें तें सोनें झालें. तसें मला म्हणावयाचें नाहीं. विनामूल्य निराळें आणि मुक्त निराळें. कीर्तनास कधींच तिकीट नव्हतें, पण ज्या देवळांत तें होई त्याचें दार सर्वांस उघडें नव्हतें. २ मार्च १९३० रोजीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं नाशिकच्या काळाराम मंदिरापुढें सत्याग्रह सुरू झाला आणि तो पुढें वर्षानुवर्षें चालला. तें दार सहजासहजीं उघडलें नाहीं. देव खांबांत आहे हें ज्या मुलानें ऐकावें त्यानेंच त्या खांबास हात लावूं नये, असा तो न्याय होता. बाहेर उभ्या असलेल्या मुलास उत्तररंग अर्धामुर्धाच ऐकूं आला असेल. आणि जेवढा ऐकूं आला तेवढा त्यास खोटा वाटला असल्यास नवल नाहीं. कीर्तनाच्या रचनेची स्तुति करणाऱ्यानें ही गोष्ट विसरून चालणार नाहीं. सुंदर रचना सर्वांसाठीं असूं शकते. तिचा मांडव सर्वांसाठीं असतोच असें नाहीं.

याचें उत्तर वादांतून आलें नाहीं, दुसऱ्या मांडवांतून आलें. सत्यशोधक जलशांची परंपरा होतीच. १९३१ च्या सुमारास भीमराव कर्डकांनीं आपला आंबेडकरी जलसा उभा केला, आणि पुढें वामनदादा कर्डकांनीं (१९२२–२००४) गांवोगांव गाणीं पोहोंचविलीं. तमाशाचा ओळखीचा साचा घेऊन त्यांत नवें बोलणें भरणारा हा प्रकार देवळाच्या ओट्यावर नव्हे, उघड्या मैदानावर झाला. विदर्भांत १४ एप्रिलच्या रात्रीं आजहि पाहावें. बापाच्या खांद्यावर बसलेलें मूल गाण्याच्या ध्रुवपदापुरतें जागें असतें आणि कडव्यांत डुलक्या घेतें. तेंच मूल पुढें कडवींहि ऐकेल. कीर्तन आणि जलसा यांत मतांचें अंतर फार मोठें आहे. परंतु मांडीवरच्या श्रोत्यास दोघांनींहि ओळखलें आहे.

आमच्या वऱ्हाडच्या गाडगे महाराजांनीं (१८७६–१९५६) तर कीर्तनाचें देऊळच काढून टाकलें. दिवसा गांव झाडावें आणि रात्रीं त्याच झाडलेल्या जागीं उभें राहावें, हा त्यांचा क्रम. १९५६ सालीं मुंबईस वांद्रे येथें झालेलें त्यांचें कीर्तन ध्वनिमुद्रित असून आजहि ऐकावयास मिळतें. त्याची सारी बांधणी प्रश्नोत्तरांची आहे. बाबा विचारतात आणि जमाव उत्तर देतो. वरवर पाहतां आमच्या सूत्रसंचालकानेंहि हेंच केलें. परंतु त्यानें मुलांस विचारलें तें त्यांच्याच मजेविषयीं. बाबांचे प्रश्न नवसाच्या बोकडाविषयीं, कर्जाविषयीं, मुलांच्या शाळेविषयीं असत. थोरांबरोबर उत्तर देणाऱ्या मुलास त्या क्षणीं कळत असेल कीं, आपण ज्याविषयीं बोलतों तें आपल्याहून मोठें आहे. मुलाला मोठेपणा द्यावयाचा तो असा.

उलटपक्षीं शहरानें जें सार्वजनिक व्यासपीठ घडविलें त्यानें मुलाला घरीं ठेवलें. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ति रानड्यांच्या पुढाकारानें १८७५ सालीं सुरू झाली. तिला आतां दीडशें वर्षें होऊन गेलीं आणि महाराष्ट्राच्या विचारावर तिचें ऋण मोठें आहे. परंतु व्याख्यानास उत्तररंग नसतो. त्यांत एका वयाचा श्रोता एका वयाच्या वक्त्यासमोर बसतो. मांडी रिकामी असते. मुलाची ही उणीव पुढें निराळ्या वाटेनें भरून काढावी लागली. साने गुरुजींच्या मागें त्यांच्या नांवानें १९५१ सालीं कथामाला निघाली. १९५९ सालीं सुधा करमरकरांनीं 'लिट्ल थिएटर' काढून रत्नाकर मतकरींचें 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणलें. उन्हाळ्याची सुटी हा बालनाट्याचा हंगाम झाला. मुलाला त्याची स्वतःची खुर्ची मिळाली, ही लहानसहान मिळकत नव्हे. या मंडळींनीं मुलांसाठीं कमी प्रतीचें केलें तरी चालेल असें कधीं मानलें नाहीं. आणि मतकरींनीं तर पुढें ठाण्यांत 'वंचितांचा रंगमंच' उभारून वस्तींतल्या मुलांनाच नाटकाचे धनी केलें. आजच्या बालमहोत्सवांनीं या वारशांतून उचललें काय? मुलांची निराळी खोली तेवढी उचलली. त्या खोलींत काय ठेवावयाचें, हें मात्र ते विसरले.

तर करावें काय? प्राचीन अथेन्समध्यें नाटकाच्या जागेस पैसे पडत. परंतु गरीब नागरिकांस ते सार्वजनिक निधींतून मिळत. प्रेक्षकास येण्यासाठीं काय पडतें हें त्या राज्यास ठाऊक होतें. आमच्या संस्था खुर्च्यांचा हिशेब करतात, ध्वनिक्षेपकाचा करतात, शालींचा तर करतातच. एसटीचा करीत नाहींत. मुलांसाठीं कार्यक्रम ठरविणाऱ्यांनीं वक्त्याची तारीख घेण्यापूर्वीं आसपासच्या गांवांची शेवटची गाडी किती वाजतां सुटते हें पाहावें, आणि सत्कार गाळावे. त्याहून बरें म्हणजे कार्यक्रमानेंच गांवीं यावें. शंभर मुलांना शहरांत नेण्यापेक्षां एक पेटी, एक तबला आणि एक कथेकरी गांवीं आणणें खचित स्वस्त पडेल. आणि आईबापांस एवढेंच सांगावयाचें कीं, 'मुलांसाठीं' अशी पाटी नसली तरी बिचकूं नये. जेथें मोठीं माणसें मनापासून ऐकत बसलीं आहेत, तेथें मुलाला मांडीवर घेऊन बसावें. तें झोंपलें तर झोंपूं द्यावें.

यंदा पुन्हां सुटी आली आहे. भाचीची कागदी टोपी पहिल्या पावसांतच गेली. भाच्यानें मात्र आईच्या मोबाइलवरून मला विचारलें आहे, "मामा, ते खांबवाले बुवा कधीं येणार?" मीं चौकशी केली. बुवांची प्रकृति बरी नसते, रात्रीचा प्रवास त्यांस झेपत नाहीं. त्यांच्यामागें झांज हातीं घेऊन उभा राहणारा कोणी आहे का, असेंहि विचारलें. मुलगा शहरांत नोकरीस आहे, एवढेंच उत्तर मिळालें. भाच्याला काय कळवावें हें अजून माझें ठरलेलें नाहीं.